हर्नियाच्या ऑपरेशनात गाठ निघाली तर

डॉक्टर थिएटरच्या दारात आले तेव्हा मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आत नेऊन जेमतेम अर्धा तास झाला होता. मास्क हनुवटीखाली ओढलेला, हात छातीशी धरलेले. म्हणाले, "हर्निया आहेच, तो करतोय. पण बाजूला एक गाठ लागली. पायाला जखम झाली की जांघेत सुजून येतं तसं साधं अवधान वाटत नाही. काढून तपासायला पाठवायची का?" आमचे हे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, काढा. पाऊण तासानं सिस्टरनं माझ्या हातात घट्ट झाकणाची एक बरणी दिली. आत आवळ्याएवढी गाठ होती, मधून चिरलेली, मासळीच्या मांसासारखी पांढुरकी. "वर्ध्याला लॅबमध्ये नेऊन द्या," एवढंच ती म्हणाली.

ती बरणी मांडीवर धरून मी आर्वीहून एस.टी.नं वर्ध्याला गेले. एप्रिल महिना होता. उन्हाळ्यात वावर मोकळं असतं म्हणून आमच्याकडे हर्नियाची ऑपरेशनं बहुतेक तेव्हाच होतात. त्या बरणीवर सगळा पुढचा इलाज अवलंबून आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ग्रामपंचायतीत संगणकाचं काम करते. लोकांचे दाखले, उतारे, आधारच्या झेरॉक्स दिवसभर हाताखालून जातात, त्यामुळे कागद कुठे अडकतो हे मला पटकन कळतं. दवाखान्यातलं मात्र काहीच कळत नव्हतं. दोन वर्षांत जे शिकले ते लिहिते, म्हणजे तुमच्या हातात अशी बरणी आली तर तुम्ही माझ्यासारख्या अंधारात राहणार नाही.

दारातली पाच मिनिटं

हर्नियाच्या जागी कॅन्सर सापडणं फार क्वचित घडतं, पण घडतं. जांघेत लसिकाग्रंथी असतात, त्यातल्या एखादीत लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, असतो. कधी हर्नियाच्या पिशवीत उतरलेल्या आतड्यालाच गाठ असते. कधी पोटातल्या चरबीच्या पडद्यावर कडक दाणे दिसतात. बायांमध्ये अंडाशयाचा आजार पिशवीपर्यंत आलेला असू शकतो. आणि पुरुषांत वीर्यनलिकेजवळच्या चरबीची गाठ हर्निया समजून वर्षानुवर्षं पट्टा बांधून सांभाळलेली असते.

यातलं नेमकं काय आहे हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. म्हणून शहाणा सर्जन तिथल्या तिथे सगळं कापायला निघत नाही. गाठ किंवा तुकडा काढतो, टाके घालतो आणि रिपोर्टची वाट पाहायला सांगतो. काही वेळा हर्नियाच्या जागी आधाराला लावायची जाळीसुद्धा बसवत नाही. बाहेर बसलेल्या माणसांना वाटतं, ऑपरेशन अर्धं केलं आणि पैसे पुरे घेतले. आमच्या चुलत दिरांनी तर तिथेच आवाज चढवला होता. मला आज विचाराल तर त्या डॉक्टरांनी थांबून आमच्यावर उपकार केले. प्रत्येक कॅन्सरचं ऑपरेशन वेगळं असतं, आणि लिंफोमासारखा आजार तर चाकूनं नाही, औषधानं बरा होतो. घाईत जास्त कापून ठेवलं असतं तर ते निस्तरत बसावं लागलं असतं.

तेव्हा भांडू नका, विचारा. गाठ नेमकी कुठून काढली? पूर्ण काढली की तुकडा घेतला? जाळी बसवली का? आतड्यात, पिशवीत आणखी काही दिसलं का? उत्तरं तिथेच मोबाइलवर लिहून घ्या आणि सुट्टी होताना ऑपरेशन नोटची झेरॉक्स मागा. पुढे कॅन्सरचे डॉक्टर पहिल्याच भेटीत हेच विचारतात. मी विचारलं नव्हतं, म्हणून दोन ओळींच्या नोटसाठी मला भर उन्हात पुन्हा आर्वीला जावं लागलं.

ऐन वेळी अंडकोश काढायचा किंवा आतड्याचा भाग काढायचा असं म्हणाले तर एक प्रश्न जरूर करा: "रिपोर्ट येईपर्यंत थांबता येईल का?" आतडं अडकलं असेल, काळं पडलं असेल तर थांबता येत नाही, तिथे सही द्या. बाकी वेळी बहुतेक थांबता येतं. आणि हर्नियाचं ऑपरेशन बरेचदा पाठीत सुई देऊन होतं, म्हणजे माणूस आत जागा असतो. त्याच्या शरीराचा प्रश्न त्यालाच विचारायला सांगा.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सगळं सांगावं. हर्निया खोकलला की फुगतो आणि बहुधा आडवं झालं की आत जातो. आडवं झाल्यावरही जी गाठ तशीच राहते, तिच्याकडे वेगळं बोट दाखवा. वजन उतरलं असेल, रात्री अंथरूण भिजेल एवढा घाम येत असेल, शौचाला रक्त पडत असेल, तर तेही सांगा. मामाजींचं धोतर वर्षभरात सैल झालं होतं. आम्ही म्हणायचो, उन्हाचा तडाखा आहे. आमच्या भागात पायाला काटा-खुंट लागून अवधान येणं रोजचंच, त्यात हत्तीरोगाचा पट्टा, म्हणून जांघेतल्या गाठीकडे कोणी पाहतच नाही.

बरणी

बरणीतलं ते पाण्यासारखं औषध म्हणजे फॉर्मॅलिन. वास नाकात झोंबतो, डोळ्यांत पाणी येतं. ते मांस कुजू देत नाही. गाठीच्या साधारण दहापट औषध हवं, गाठ त्यात पूर्ण बुडालेली हवी. बरणी हातात आली की पहिलं हे पाहा. औषध कमी वाटलं तर सिस्टरला सांगा, संकोच करू नका. साधं पाणी घालू नका, बर्फात ठेवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नाही.

मग बरणीवरची चिठ्ठी वाचा. पेशंटचं पूर्ण नाव, वय, कोणती बाजू, काय काढलं, तारीख. आमच्या बरणीवर फक्त आडनाव आणि "इनग्वायनल नोड", म्हणजे जांघेतली ग्रंथी, एवढंच होतं. त्या दिवशी त्या लॅबमध्ये आमच्याच आडनावाची आणखी एक बरणी आली होती. लॅबमधल्या पोरानं विचारलं म्हणून वाचलो. चिठ्ठी बरणीच्या अंगावर लावा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात. सोबत डॉक्टरांच्या हस्ताक्षरातला फॉर्म असतो, त्यावर कशाची शंका आहे हे लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला सोपं जातं.

एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. गाठ टीबीचीही असू शकते, आणि टीबीच्या जंतूंची तपासणी फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर नीट होत नाही. त्यासाठी छोटा तुकडा वेगळ्या बाटलीत, साध्या सलाइनमध्ये जावा लागतो. गाठ बाहेर आल्याबरोबरच हे करता येतं, नंतर नाही. डॉक्टर दारात येतील तेव्हाच विचारा. आपल्याकडे गाठ दिसली की तुकडा न तपासताच सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या सुरू केलेले पेशंट मी नंतर नागपूरला पाहिले. त्यातल्या एका बाईचे ते सहा महिने कायमचे गेले.

बरणी त्याच दिवशी पोचवा आणि पोच पावती घ्या. पावतीवर नंबर असतो. तो नंबर पुढे प्रत्येक ठिकाणी लागतो.

रिपोर्ट स्वतः मागा

आम्हाला सांगितलं होतं, टाके काढायला याल तेव्हा रिपोर्ट सांगू. आम्ही तसेच थांबलो. टाके काढायला गेलो तर रिपोर्ट येऊन नऊ दिवस झाले होते आणि तो फाइलमध्ये न उघडता पडून होता. कोणाला फोन करावासा वाटला नाही. त्या नऊ दिवसांचा राग मला अजून आहे. तुम्ही मात्र लॅबला सहाव्या-सातव्या दिवशी स्वतः फोन करा, पावतीचा नंबर सांगा आणि रिपोर्ट स्वतः घेऊन या.

रिपोर्ट इंग्रजीत असतो. वरचा मोठा परिच्छेद सोडा, शेवटी "इम्प्रेशन" किंवा "डायग्नोसिस" म्हणून एक-दोन ओळी असतात, त्या वाचा. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये लिंफोमाची शंका आहे, आयएचसी करून घ्यावी असं होतं. म्हणजे तो शेवटचा शब्द नव्हता. आयएचसीमध्ये त्याच तुकड्यावर रंगाच्या वेगवेगळ्या तपासण्या करून आजाराचा नेमका प्रकार ठरवतात. त्याला आणखी काही दिवस आणि वेगळे पैसे लागतात. "सजेस्टिव्ह", "सस्पिशियस" असे नुसती शंका सांगणारे शब्द दिसले तर कोणतंही औषध सुरू करण्याआधी पुढची तपासणी होऊ द्या. मामाजींचा प्रकार निघाला डिफ्यूज लार्ज बी सेल लिंफोमा. वाढतो झपाट्यानं, पण औषधाला चांगला दाद देणारा.

ब्लॉक

सगळ्यात जास्त धावपळ मी ज्याच्यासाठी केली ती वस्तू काडीपेटीपेक्षा लहान आहे. लॅबमध्ये गाठीचे बारीक काप करून ते मेणात बसवतात. प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार चौकटीवर पांढऱ्या मेणाची वडी, तिच्या मधोमध नखाएवढा फिकट तुकडा, आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. याला ब्लॉक म्हणतात. त्याचाच अगदी पातळ पापुद्रा काचेवर घेतला की ती स्लाइड.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये गेलात की ते बाहेरच्या रिपोर्टवर विसंबून केमो देत नाहीत. म्हणतात, ब्लॉक आणि स्लाइड आणा, आम्ही पुन्हा पाहू. हे अगदी बरोबर आहे. म्हणून रिपोर्ट घेताना त्याच खेपेत दोन्ही मागा. अर्ज लिहावा लागतो, ओळखपत्राची झेरॉक्स द्यावी लागते, कुठे थोडे पैसे घेतात. "उद्या या" म्हणाले तर कोणाच्या हाती, किती वाजता, हे ठरवूनच निघा. किती ब्लॉक दिले, कोणत्या नंबरचे, हे अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर लिहून सही घ्या.

आता उन्हाळ्यातली खास गोष्ट. ते मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो, मग बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किती होत असेल ते तुम्हीच समजा. लॅबमधल्या बाईंनी मला बजावून सांगितलं होतं, म्हणून मी ब्लॉक सुती रुमालात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि डबा पिशवीत भाजीच्या मधोमध. खिडकीशी बसले नाही. स्लाइडचा काचेचा डबा वेगळा, त्याला कापूस लावून. ब्लॉक भावकीतल्या कोणाच्या हाती पाठवू नका. आपण स्वतः न्या.

कुठे जायचं, पैसे कुठून

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचं आहे. नागपूरला सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तुकडोजी चौकाकडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान. उगाच पहिल्याच दिवशी मुंबईचं तिकीट काढू नका. मामाजींसारख्या लिंफोमाचा इलाज बहुतेक सहा वेळा, दर २१ दिवसांनी असतो. दर वेळी रात्रभराचा प्रवास साठीच्या माणसाला झेपत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायचंच असेल तर एकदा ब्लॉक घेऊन जाऊन या आणि इलाज जवळ घ्या, हे माझं मत. जावं लागलंच तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म भरून घ्यावा लागतो. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, आपल्या भागातले किती तरी लोक तिथेच राहतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये जीवनदायी नावानं सुरू झाली, गावात अजून जीवनदायीच म्हणतात. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज त्यात होतो. हॉस्पिटलात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाचा, टेबल शोधा, पैसे भरायच्या खिडकीवर जाण्याआधी. आधी रोख भरलेलं परत मिळवणं फार कठीण. ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे घरूनच १५५३८८ वर विचारता येतं.

आणि हे माझ्या रोजच्या कामातलं सांगते: राशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव पाहून ठेवा. एकीकडे "महादेव" आणि दुसरीकडे "महादेवराव" असलं की मंजुरी अडते. नाव दुरुस्त करायला लागतात तेवढे दिवस केमो थांबते. गाठ निघाली म्हटल्यावर त्याच आठवड्यात हे काम उरका, रिपोर्टची वाट पाहत बसू नका. आमच्या काही तपासण्या मात्र खिशातूनच झाल्या. दोन क्विंटल कापूस घरात ठेवलेला होता, तो विकला.

पेशंटला सांगायचं की नाही

घरात एकच ठराव झाला होता: मामाजींना काही सांगायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, हाय खातील. मग आम्ही त्यांच्यासमोर कुजबुजायचो, फोन आला की अंगणात जायचो. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "काहून लपवून ऱ्हायल्या वं माय? डॉक्टरनं सुई पाठीत देल्ती, कानात नाई. गाठ निंगाली म्हने, म्या आयकलं सारं."

चार रात्री ते एकटेच ते घेऊन झोपले होते. ही आमची चूक मी तुम्हाला मुद्दाम सांगते. ऑपरेशनमध्ये जागा असलेल्या माणसानं ऐकलेलं असतंच. आणि ऐकलेलं नसलं तरी कॅन्सर हॉस्पिटलच्या पाटीखालून त्याला न्यायचंच असतं. रिपोर्ट येण्याआधी एवढंच सांगा: "एक गाठ मिळाली, ती तपासायला दिली आहे, आठ दिवसांत कळेल." रिपोर्ट आल्यावर आजाराचं नाव सांगा, आणि इलाज काय आहे तेही त्याच बैठकीत सांगा. नुसतं नाव सांगून उठू नका.

मामाजी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे, सांजच्या प्रार्थनेला रोज बसणारे. नाव ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "महाराजांलेही झालता." राष्ट्रसंत १९६८ मध्ये कॅन्सरनंच गेले, हे ते विसरले नव्हते. मग विचारलं, "पेरणीले उभा ऱ्हाईन का?" मी म्हटलं, पेरणीला नाही, वेचणीला राहाल. हे मी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. विचारल्याशिवाय असं वचन देऊ नका.

गावात दुसरी गोष्ट ऐकायला मिळते, की गाठीला लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो. आमच्या ओट्यावर येऊन चार जणांनी तसं सांगितलं, एकानं पाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ताही दिला. गाठ काढल्यामुळे आजार पसरला नाही, गाठ काढल्यामुळे तो सापडला. मी प्रत्येकाला हेच सांगितलं, आवाज न चढवता, पण प्रत्येकाला. पेशंटच्या कानावर फक्त ओट्यावरची बडबड पडत राहिली तर तो अर्ध्यातून इलाज सोडतो.

जखम आणि केमो

हर्नियाची जखम भरल्याशिवाय केमो सुरू करत नाहीत, जाळी बसवली असेल तर जास्तच जपतात. त्या आठवड्यांत स्कॅन, हाडातल्या मगजाची तपासणी, हृदयाचा इको, कावीळ बी आणि एचआयव्हीच्या तपासण्या उरकतात, म्हणजे वेळ वाया जात नाही. जखमेतून पाणी आलं, लाल झाली, तर लगेच दाखवा. पाण्याचा हंडा, पोतं उचलू देऊ नका.

केमोतलं एक औषध लाल रंगाचं असतं, दुसऱ्या दिवसापर्यंत लघवीही लाल होते. रक्त नाही ते. मला आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि सासूबाईंनी रात्री अकरा वाजता गाव गोळा केलं होतं. पण ताप मात्र साधा समजू नका. केमोनंतर १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गाडी करायची आणि निघायचं. थर्मामीटर आणि गाडीवाल्याचा नंबर दोन्ही पलंगाजवळ ठेवा.

सहावी केमो पोळ्यानंतर झाली. दिवाळीनंतर मामाजी डोक्याला रुमाल बांधून वावरात गेले आणि धुऱ्यावर बसून वेचणीवाल्या बायांचं वजन लिहून घेतलं. आता दर काही महिन्यांनी तपासणीला जातो.

नागपूरहून ब्लॉक परत मिळाले आहेत. तेही आठवणीनं मागून घ्या. पुन्हा कुठे गाठ आली तर नव्या तुकड्याशी ताडून पाहायला जुना ब्लॉक लागतो. आमचे ब्लॉक त्याच स्टीलच्या डब्यात आहेत, मातीच्या खोलीत, ज्वारीच्या कणगीमागे, जिथे मे महिन्यातही गारवा असतो. डब्यावर मामाजींचं पूर्ण नाव आणि लॅबचा नंबर लिहिला आहे, आणि तोच नंबर फाइलच्या पहिल्या पानावर. डबा कुठे आहे हे घरात तिघांना माहीत आहे.